पात्राची पक्की समजूत

विजय तेंडुलकरांच्या ‘सखाराम बाइंडर’मध्ये सखाराम अगदी सुरुवातीलाच लक्ष्मीला घरी घेऊन येतो. तिला नवऱ्यानं टाकलेलं आहे. ती अजून नीट टेकलेलीही नसते, तोच तो तिला घराचे कायदे ऐकवतो. आपण तापट आहोत, शिवराळ आहोत, दारू पितो, हेही लपवत नाही. पटलं तर राहायचं, नाही पटलं तर लुगडं, थोडे पैसे आणि गाडीचं तिकीट घेऊन वाटेला लागायचं. लग्नाच्या नवऱ्यांपेक्षा आपण बरे, कारण आपण ढोंग करत नाही, असं त्याला मनापासून वाटतं.

1972 साली हे नाटक रंगभूमीवर आलं, सेन्सॉरच्या कचाट्यात सापडलं आणि दिग्दर्शक कमलाकर सारंगांना त्यासाठी न्यायालयात लढावं लागलं. चर्चा झाली ती त्यातल्या शिव्यांची, दारूची आणि शरीरसंबंधांची. या आरोपांची यादी सखारामने पहिल्याच प्रवेशात स्वतःच वाचून दाखवलेली होती, हे त्या गदारोळात मागे पडलं. त्याची खरी खोट यादीत नव्हतीच. आपण कुणाचे नवरे नाही, म्हणून आपल्याला कुणावर हक्क सांगायचा नाही, अशी त्याची समजूत होती. शेवटी, लक्ष्मीनंतर घरात आणलेली चंपा आपला मित्र दाऊद याच्याकडे जाते हे कळल्यावर तो तिचा गळा आवळतो, तेव्हा कुठल्याही लग्नाच्या नवऱ्याइतकीच मालकी त्याच्या मनात मुरलेली असल्याचं उघड होतं.

कथा-कादंबरी लिहिणाऱ्यांना इथे शिकण्यासारखं खूप आहे. पात्राला दोष हवा, हे हल्ली प्रत्येक लेखन-कार्यशाळेत सांगतात. मग नायक तापट होतो, नायिका हट्टी होते, सासरा कंजूष होतो आणि लेखकाला काम झाल्यासारखं वाटतं. पण तापटपणा हे नुसतं लक्षण झालं. त्याच्या मुळाशी माणसानं जगाबद्दल किंवा स्वतःबद्दल काढलेला एक निष्कर्ष असतो आणि तो चुकीचा असतो. कथा चालते ती त्या निष्कर्षावर.

दुर्गुण वेगळा, समजूत वेगळी

राम गणेश गडकऱ्यांचं ‘एकच प्याला’ दारूच्या दुष्परिणामांवरचं नाटक म्हणून ओळखलं जातं. पण सुधाकर नाटकात येतो तेव्हा दारुडा नसतो. तो हुशार वकील आहे, गरिबीतून स्वतःच्या जोरावर वर आलेला आहे, मानी आहे. कोर्टात मुन्सफाशी खटका उडून त्याची सनद काही काळ जाते. हा अपमान त्याला सोसवत नाही. नेमक्या त्याच वेळी दारूबाज तळीराम जवळ असतो.

दारू इथे पुढची पायरी आहे. आधीची पायरी ही, की आपण कशावरही आपल्या इच्छेनं ताबा मिळवू शकतो असं सुधाकर मानतो. त्याचं आतापर्यंतचं आयुष्य याचाच पुरावा आहे. जो माणूस कुणाच्याही आधाराशिवाय वकील झाला, त्याला एका पेल्यापाशी थांबता येणार नाही, हे त्याला कोण आणि कसं पटवणार? ज्या स्वाभिमानानं त्याला वर आणलं, तोच त्याला मदत मागू देत नाही. मध्यंतरी तो दारू सोडतो, काम शोधतो. पण लोक झिडकारतात आणि तो पुन्हा पेल्याकडे वळतो. घाव दर वेळी एकाच जागी बसतो. गडकऱ्यांचं निधन जानेवारी 1919 मध्ये झालं, नाटक रंगमंचावर आलं ते त्यानंतर. पुढे दारूबंदीच्या घोषणा आल्या, गेल्या. नाटक टिकलं, कारण सुधाकरचा अहंकार दारू न पिणाऱ्यांनाही ओळखीचा वाटतो.

दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी ॲरिस्टॉटलनं शोकांतिकेचा नायक कसा असावा याचा विचार केला. तो सर्वगुणसंपन्न नको आणि नीचही नको. दुष्टपणामुळे नव्हे तर चुकीमुळे त्याचा अधःपात व्हावा, असं त्यानं मांडलं. सज्जनाचं वाटोळं झालं तर चीड येते, दुर्जनाचं झालं तर बरं वाटतं. कणव येते ती चुकलेल्या माणसाची.

समजूत कुठून येते?

चुकीची समजूत माणूस उगाच धरून बसत नाही. तिनं कधीतरी त्याला वाचवलेलं असतं. सखारामने पोरवयात बापाच्या माराला विटून घर सोडलं. त्या पोरानं जो धडा घेतला तो असा, की घर, नाती आणि धर्म यांच्या नावाखाली माणसं एकमेकांना छळतात. त्यापेक्षा रोखठोक करार बरा. त्या वयात हा धडा खोटा नव्हता. अडचण एवढीच झाली, की पोर मोठं झालं आणि धडा होता तिथेच राहिला. बापापासून पळालेल्या सखारामच्या हातात पुढे बापाचाच पट्टा आला.

विश्राम बेडेकरांच्या ‘रणांगण’चा (1939) नायक चक्रधर विध्वंस प्रेमात पोळलेला आहे. पुन्हा कुणात गुंतायचं नाही, ही त्याची ढाल आहे. युरोपातून परतताना बोटीवर हिटलरच्या जर्मनीतून परागंदा झालेले ज्यू निर्वासित आहेत, त्यांत हॅर्टा आहे. बाकी सगळं हरवलेली हॅर्टा प्रेमावर विश्वास ठेवायला तयार आहे. तुलनेनं सुरक्षित असलेला चक्रधर मात्र हातचं राखून वागतो. मुंबई येते, तो उतरतो आणि तिला उतरण्याची मुभा नसते. पुढच्या प्रवासात हॅर्टा जीव देते. शांततेच्या काळात ही ढाल चक्रधरला आयुष्यभर पुरली असती. बेडेकरांनी त्याला अशा बोटीवर बसवलं, जिथे फेरविचाराला फक्त काही दिवस होते.

लेखकाच्या कामाचे दोन भाग यातून दिसतात. पहिला, समजूत कोणत्या प्रसंगातून जन्मली ते स्वतःपुरतं पक्कं ठरवणं. तो प्रसंग वाचकाला सांगायचा की नाही, हा नंतरचा प्रश्न. दुसरा, ती समजूत जिथे उपयोगी पडणार नाही अशी नेमकी जागा शोधून पात्राला तिथे नेऊन सोडणं.

उदात्त समजूत

समजूत हलकी किंवा स्वार्थी असली पाहिजे असंही नाही. तेंडुलकरांच्याच ‘कन्यादान’मधले नाथ देवळालीकर समाजवादी आहेत, जातिभेद मोडायला निघालेले आहेत. मुलगी ज्योती दलित कवी अरुण आठवलेशी लग्न ठरवते, तेव्हा आई सेवा धास्तावते आणि नाथ हरखतात. आपली तत्त्वं आपल्याच घरात साकार होताहेत, हा आनंद मोठा असतो. माणूस मुळात वाईट नसतो, तो बदलतो, यावर त्यांची श्रद्धा आहे.

ही श्रद्धा खोटी आहे असं छातीठोकपणे कोण म्हणेल? तिच्यात एक बारीक भेग मात्र आहे. नाथ लग्नाकडे प्रयोग म्हणून पाहतात, आणि प्रयोग फसू नये या ओढीत मुलीच्या अंगावरचे वळ त्यांना उशिरा दिसतात. पुढे अरुणच्या आत्मचरित्रावर त्यांना जाहीर भाषण करावं लागतं. मनात नसलेली स्तुती ते करतात आणि ज्योती येऊन त्याचा जाब विचारते. तरीही ती बापाच्या शिकवणीकडे पाठ फिरवत नाही. ती शिकवण खरी मानून नवऱ्याकडे परत जाते. नाथांच्या समजुतीची किंमत नाथांना मोजावी लागत नाही, ती मुलगी मोजते. या नाटकावर कडाडून टीका झाली. दलित कवीचं असं चित्रण करण्यावरचे आक्षेप आजही विचारात घ्यावे असे आहेत. मात्र बापाचं पात्र रचण्याचा धडा म्हणून नाथांकडे पाहावंच लागतं.

कधी समजूत एकट्याची नसते, अख्ख्या घराची असते. महेश एलकुंचवारांच्या ‘वाडा चिरेबंदी’त धरणगावकर देशपांड्यांचं वैभव ओसरलं आहे, पण तेराव्याच्या जेवणावळी जुन्याच इतमामानं व्हायला हव्यात. दारात ट्रॅक्टर गंजत उभा आहे. तो दुरुस्त करायला पैसा नाही, आणि काढून टाकला तर परिस्थिती मान्य केल्यासारखं होतं. रात्री वहिनी घराण्याचे दागिने अंगावर चढवते, तेव्हा घटकाभर सगळं पूर्वीसारखं होतं. आपण अजून मोठे आहोत, हे वाक्य कुणाच्या तोंडी घालावं लागत नाही. ट्रॅक्टर आणि दागिने ते बोलतात.

समजूत दाखवायची कशी?

नवा लेखक इथे हमखास घसरतो. मला लहानपणी प्रेम मिळालं नाही म्हणून मी असा झालो, असं पात्रच सांगू लागतं. ज्याला आपली समजूत इतकी स्पष्ट दिसते, तो तिच्यातून अर्धा बाहेर पडलेला असतो. पात्राला स्वतःची समजूत समजूत वाटत नाही. ते तिला व्यवहार म्हणतं, अनुभव म्हणतं, नाहीतर संस्कार. म्हणून ती कृतीतून, वस्तूंतून आणि विशेषतः दुसऱ्या पात्रांच्या धक्क्यातून दिसावी. तेंडुलकरांनी सखारामपुढे दोन बायका उभ्या केल्या. लक्ष्मी देवभोळी, सोशिक. तिच्या सहवासात करारवाला सखाराम नकळत संसारी होऊ लागतो. चंपा बेफिकीर, ती करार त्याच्यापेक्षाही कोरडेपणानं पाळते. एकीमुळे त्याचा मुक्तपणा उघडा पडतो, दुसरीमुळे मालकी.

एक पात्र घडवूनच पाहू. समजा, सोलापुरात स्टेशनजवळ कुसुमताईंची खानावळ आहे. वय अठ्ठावन्न. भल्या पहाटे उठतात, काळा मसाला स्वतःच्या हातानं घालतात, सगळ्यांचं झाल्यावर उभ्या-उभ्या जेवतात. सुनेच्या हाताला चव आहे, पण तिच्या वाट्याला भाजी चिरणं आणि भाकरी थापणं एवढंच येतं. मसाल्याचं माप कुणालाही ठाऊक नाही. वरवर दोष दिसतो तो हेकेखोरपणाचा.

आता मागे जाऊ. तान्ह्या मुलाला घेऊन विधवा कुसुम माहेरी आली. ती राबायची तोवर सगळं ठीक होतं. तापानं अंथरुणाला खिळली, तेव्हा तिच्यापुढे ताट आलं नाही. हात चालतात तोवरच घरात आपली जागा आहे, असा निष्कर्ष तिनं काढला. पुढे याच निष्कर्षानं खानावळ उभी केली, मुलाला शिकवलं, गावात नाव मिळवून दिलं. लोक कौतुक करतात ते नेमकं याचंच. अशी समजूत सोडायला कुसुमताईंकडे काय कारण आहे?

कारण लेखकानं निर्माण करायचं. उजवं मनगट निकामी होऊ लागलं आहे, डॉक्टर शस्त्रक्रिया सांगताहेत. त्यांना हवं आहे ते खानावळ स्वतःच्या हातात ठेवणं. गरज आहे ती कुणीतरी वाढलेलं ताट मुकाट्यानं घेता येण्याची. हवं असलेलं आणि गरजेचं यांच्यात ओढाताण सुरू झाली की कथा आपसूक पुढे सरकते. त्यात थकलेला भाऊ आश्रयाला येतो, ज्याच्या घरी तेव्हा ताट आलं नव्हतं तोच. कुसुमताई त्याला दोन वेळा वाढतात, पण दुसऱ्याच दिवशी लसूण सोलायला बसवतात. ज्या मापानं त्यांना मोजलं गेलं त्याच मापानं त्या मोजताहेत, हे सुनेला दिसतं, त्यांना दिसत नाही. इथे पात्राची जखम आणि पात्राचा अन्याय एकाच कृतीत आले. त्यावर भाष्य करण्याची गरज उरली नाही.

भान येतं तेव्हा

समजुतीचा शेवट तीन तऱ्हांनी होऊ शकतो. भान वेळेवर येतं, उशिरा येतं किंवा येतच नाही. वेळेवर आलं तर बहुधा सुखात्मिका होते. पु. ल. देशपांडे यांच्या ‘तुझे आहे तुजपाशी’त (1957) कठोर संयम म्हणजेच श्रेष्ठ आयुष्य असं मानणारे आचार्य इंदूरच्या रसिक काकाजींच्या घरी येतात. पुलंनी आचार्यांची टिंगल भरपूर केली, पण अखेर त्यांना आपल्या एकटेपणाची कबुली देण्याइतका मोठेपणाही दिला. तो दिला नसता तर नाटक नुसतं विडंबन झालं असतं.

उशिरा आलेलं भान सुधाकरचं. पत्नी सिंधू आणि मूल गेल्यावर त्याला सगळं लख्ख दिसतं आणि त्याचा काहीही उपयोग नसतो. वि. वा. शिरवाडकरांच्या ‘नटसम्राट’मध्ये (1970) अप्पासाहेब बेलवलकर सगळी मिळकत मुलांना वाटून टाकतात. ‘किंग लिअर’शी असलेलं नातं उघड आहे, पण अप्पासाहेबांचा पिंड नटाचा आहे. आयुष्यभर टाळ्या घेतलेल्या माणसाला घरातही प्रेक्षागृहासारखंच उदार प्रेम मिळेल असं वाटतं. पोटच्या पोरीनं चोरीचा आळ घेतल्यावर ते कोसळतात. तरीही अखेरपर्यंत ते भूमिकांच्याच भाषेत बोलतात. भान आलं, पण स्वभाव सुटला नाही. प्रत्यक्षातली माणसंही बहुधा इतकीच बदलतात, म्हणून एका रात्रीत सुधारलेली पात्रं खोटी वाटतात.

तिसरी वाट सर्वांत अवघड. पात्राला काहीच कळत नाही आणि वाचकाला सगळं कळतं. इथे लेखकाला बोलण्याचा मोह आवरावा लागतो.

शेवटी एक कसोटी. पात्राची चुकीची समजूत पात्राच्या बाजूनं पानभर लिहून पाहावी, एकही टोमणा न मारता. ते पान वाचून क्षणभर आपणच डळमळलो तर पात्र जिवंत आहे. पान लिहिताच येत नसेल तर तो माणूस आपल्याला अजून कळलेला नाही, आपण फक्त त्याला नापास करून टाकलेलं आहे. आणि सर्वांत कठीण पान असतं ते आपल्याच गोटातल्या माणसाचं. सखारामकडे बोट दाखवणं प्रेक्षकाला फारसं जड जात नाही. नाटकाला येणाऱ्या सुशिक्षित, पुरोगामी प्रेक्षकाला नाथ मात्र जवळचे वाटतात. ज्या मूल्यांवर लेखकाचा आणि वाचकाचाही विश्वास आहे, त्यांच्यातच भेग शोधण्याची तयारी असेल, तर पात्रासाठी दोष बाहेर हुडकायला जावं लागत नाही.