विश्लेषण : अंतराळ स्थानकासाठी एकच रॉकेट का पुरत नाही?

भारताचे स्वतःचे अंतराळ स्थानक २०३५ पर्यंत उभारण्याचे उद्दिष्ट आहे. पहिला भाग २०२८ मध्ये पाठवण्यास केंद्रीय मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२४ मध्ये मंजुरी दिली. त्याच बैठकीत नव्या रॉकेटसाठी ८,२४० कोटी रुपये मंजूर झाले. हाताशी एलव्हीएम-३ असताना नवे रॉकेट कशासाठी?

एलव्हीएम-३ ची मर्यादा काय?

नियोजित भारतीय स्थानक पाच भागांचे, सुमारे ५२ टन वजनाचे आहे. एलव्हीएम-३ पृथ्वीनजीकच्या कक्षेत साधारण ८ टन वजन नेते. सेमी-क्रायोजेनिक इंजिन बसवल्यावर ही क्षमता सुमारे १० टनांवर जाईल. पहिल्या भागाला ती पुरेल. नवे रॉकेट, एनजीएलव्ही, ३० टनांपर्यंत वजन नेईल आणि त्याचा पहिला टप्पा पुन्हा वापरता येईल.

फक्त वजनाचाच प्रश्न आहे का?

नाही. स्थानक उभे राहिले की अन्न, पाणी, इंधन सतत पोहोचवावे लागते. वाशी खाडीपूल अडला तर नवी मुंबईकर ऐरोलीकडून किंवा अटल सेतूवरून मुंबई गाठतात. स्थानकालाही असा दुसरा रस्ता हवा.

आंतरराष्ट्रीय स्थानकाचा अनुभव काय?

फेब्रुवारी २००३ मध्ये कोलंबिया यान कोसळले आणि अमेरिकी शटलची उड्डाणे जुलै २००५ पर्यंत थांबली. त्या काळात रशियाच्या सोयुझने माणसे आणि प्रोग्रेसने सामान नेले. स्थानक रिकामे पडले नाही. पुढे ऑक्टोबर २०१४ ते जून २०१५ या आठ महिन्यांत अंतारेस, प्रोग्रेस आणि स्पेसएक्स अशा तिन्हींच्या मालवाहू मोहिमा फसल्या. ऑगस्टमध्ये जपानचे मालयान पोहोचले. डिसेंबरमध्ये अंतारेसवरून जाणारे सिग्नस यान अ‍ॅटलास-५ रॉकेटवर बसवून पाठवण्यात आले.

चीनने काय केले?

कामे वाटून दिली. तिआनगोंगचे २० टनांहून जड भाग लाँग मार्च-५बी ने, सामान लाँग मार्च-७ ने, तर अंतराळवीर लाँग मार्च-२एफ ने जातात.

भारतापुढील अडचण कोणती?

गगनयानचे अंतराळवीर आणि स्थानकाचा पहिला भाग, दोन्ही एलव्हीएम-३ वरच अवलंबून आहेत. ते श्रीहरिकोटाच्या फक्त दुसऱ्या तळावरून उडते. भरवशाचे पीएसएलव्हीही मे २०२५ मध्ये अपयशी ठरले. असा प्रसंग एलव्हीएम-३ वर आला तर चौकशी संपेपर्यंत दोन्ही कामे अडतील. एनजीएलव्हीच्या विकासाला ९६ महिने दिले आहेत, म्हणजे ते २०३२ च्या सुमारास हाती येईल. दुसऱ्या तळाला पर्याय ठरेल असा तिसरा तळ जानेवारी २०२५ मध्ये मंजूर झाला.

महाराष्ट्राचा वाटा काय?

एलव्हीएम-३ च्या मधल्या टप्प्यातील विकास इंजिने विक्रोळीच्या गोदरेजमध्ये, तर दोन्ही बाजूंच्या घन-इंधन बूस्टरची आवरणे पुणे जिल्ह्यातील वालचंदनगरमध्येही बनतात. दोन रॉकेटे समांतर चालवायची, तर अशा कारखान्यांनाही दोन्हींचे काम एकाच वेळी पेलावे लागेल.