बंद खोलीतील शेगडी आणि पेशींचे श्वसन

उत्तर भारतात कडाक्याच्या थंडीत बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटवून झोपलेल्यांचा मृत्यू झाल्याच्या घटना दर हिवाळ्यात घडतात. या मृत्यूंचे कारण पेशींच्या ऊर्जानिर्मितीत दडलेले आहे.

ऑक्सिजनच्या साहाय्याने ग्लुकोजमधून ऊर्जा मिळवण्याच्या प्रक्रियेला ऑक्सिश्वसन म्हणतात. तिचे प्रमुख टप्पे तीन. पहिल्या टप्प्यात पेशीद्रव्यात ग्लुकोजच्या एका रेणूपासून पायरुविक आम्लाचे दोन रेणू तयार होतात. त्यासाठी ऑक्सिजन लागत नाही. मात्र पेशींचे ऊर्जाचलन मानल्या जाणाऱ्या एटीपीचे निव्वळ दोनच रेणू हाती येतात.

पुढील टप्पे तंतुकणिकेत पार पडतात. पायरुविक आम्लापासून बनलेले संयुग हान्स क्रेब्ज यांनी १९३७ मध्ये मांडलेल्या चक्रात प्रवेश करते. तेथे कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो आणि इलेक्ट्रॉन वाहक रेणूंकडे सोपवले जातात.

तिसऱ्या टप्प्यात हे इलेक्ट्रॉन तंतुकणिकेच्या आतील पटलातील प्रथिनांच्या साखळीतून पुढे सरकतात. त्यांच्या ऊर्जेवर पटलाच्या एका बाजूला प्रोटॉन साठवले जातात. धरणाच्या पाण्याने जनित्र फिरावे, तसे परत येणारे प्रोटॉन एटीपी तयार करणारे विकर फिरवतात. हे तत्त्व १९६१ मध्ये मांडणाऱ्या पीटर मिचेल यांना १९७८ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. संपूर्ण प्रक्रियेत एका ग्लुकोजपासून सुमारे ३० ते ३२ एटीपी मिळतात.

साखळीच्या अखेरीस ऑक्सिजन इलेक्ट्रॉन स्वीकारतो व पाणी तयार होते. ऑक्सिजन नसेल, तर साखळी तुंबते आणि ऊर्जानिर्मिती जवळजवळ थांबते.

अपुऱ्या हवेत जळणाऱ्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निर्माण होतो. तो रक्तातील हिमोग्लोबिनशी ऑक्सिजनच्या तुलनेत २०० हून अधिक पटींनी घट्ट जोडला जातो. त्यामुळे पेशींपर्यंत पुरेसा ऑक्सिजन पोहोचत नाही. साखळीतील अखेरच्या विकरालाही हा वायू अडथळा आणतो. शरीराच्या वजनाच्या जेमतेम २ टक्के असलेला मेंदू विश्रांतीच्या स्थितीत सुमारे २० टक्के ऑक्सिजन वापरतो. साहजिकच पहिला आघात त्याच्यावर आणि हृदयावर होतो.

या वायूला रंग नाही, गंधही नाही. त्यामुळे झोपलेल्या व्यक्तीला धोक्याची चाहूल लागत नाही. शेगडी विझवून वा खोलीबाहेर ठेवूनच झोपणे, हाच खात्रीचा उपाय होय. शेगडीजवळ बसलेल्यांना डोकेदुखी, मळमळ वा चक्कर जाणवल्यास त्यांना तत्काळ मोकळ्या हवेत आणून रुग्णालयात न्यावे. तेथे दिला जाणारा ऑक्सिजन हाच मुख्य उपचार असतो.