उतरलेल्या ग्लायडरचा शोध : दिशादर्शक साधन कसे निवडावे?

इंजिन नसलेले विमान तासन्‌तास आकाशात राहू शकते, हे आजही पुष्कळांना खरे वाटत नाही. महाराष्ट्राला मात्र ही गोष्ट नवी नाही. पुण्याजवळ हडपसर येथे १९५० साली सरकारी ग्लायडिंग केंद्र सुरू झाले, आणि तारेने ओढून वर चढवलेली ही विमाने तिथल्या लोकांच्या ओळखीची झाली. तुमच्या शिवारावर घार फिरताना तुम्ही रोज पाहता. तापलेल्या जमिनीवरून ऊन हवा वर चढते. घार त्या हवेत गोल गोल फिरत, पंख न हलवता, उंच जाते. ग्लायडरचेही तसेच आहे.

पण वर चढणारी हवा संपली, की ग्लायडर खाली येऊ लागते. चांगल्या ग्लायडरची घसरण तीसास एक धरली, तर १,००० मीटर उंचीवरून ते शांत हवेत सुमारे ३० किलोमीटर जाऊ शकते. तेवढ्यात पुन्हा वर नेणारी हवा मिळाली नाही, तर वैमानिक एखादे मोकळे रान पाहून उतरतो. याला अपघात म्हणू नये. वैमानिकांना हे मुद्दाम शिकवलेले असते. मात्र पुढचे काम जमिनीवरच्या माणसांचे. लांबलचक गाडा जोडलेली मोटार घेऊन त्यांनी तिथे पोचायचे, पंख सोडवायचे आणि सगळे गाड्यावर चढवून परत आणायचे. वैमानिकाला इजा झालेली असली, तर या पोचण्यावर जीव अवलंबून असतो.

आता तुम्ही म्हणाल, आमच्या मराठवाड्यात ग्लायडर कुठले? प्रश्न रास्त आहे. पण आकाशातून उतरलेल्या वस्तूचा शोध आपल्याला परका नाही. टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे हैदराबाद येथे बलून केंद्र आहे. तिथून सोडलेले प्रचंड फुगे ३० किलोमीटरांहूनही उंच जातात, आणि त्यांची उपकरणे रंगीत हवाई छत्रीला टांगून खाली येतात. ती वाऱ्याबरोबर महाराष्ट्राच्या हद्दीतही उतरू शकतात, आणि केंद्राची माणसे मोटारीने येऊन ती घेऊन जातात. शिवाय रात्री-अपरात्री एखाद्या वस्तीवर रुग्णवाहिका बोलवायची झाली, तर अडचण अगदी हीच असते. म्हणून ग्लायडरचे उदाहरण घेऊन आपण या साधनांचा विचार करू.

प्रथम जीपीएस म्हणजे काय, ते थोडक्यात पाहू. ही अमेरिकेची उपग्रहमालिका आहे. तिचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरत असतात आणि प्रत्येक जण 'माझ्या घड्याळात आता इतके वाजले, आणि मी अमुक ठिकाणी आहे' असा निरोप सतत पाठवत असतो. निरोप पोचायला किती वेळ लागला, यावरून आपले यंत्र अंतर काढते. चार उपग्रहांचे निरोप मिळाले, की जागा, उंची आणि अचूक वेळ तिन्ही ठरतात. प्रकाश एका सेकंदाच्या दशलक्षाव्या भागात ३०० मीटर जातो. तेव्हा घड्याळ किती नेमके हवे, याची कल्पना तुम्हीच करा. २००० सालच्या मेपर्यंत अमेरिका नागरी वापराच्या संदेशात मुद्दाम चूक मिसळत असे. ती बंद झाल्यापासून मोकळ्या आकाशाखाली साधा मोबाईलही साधारण पाच मीटरांपर्यंत जागा दाखवतो.

इथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. 'जीपीएस लावलंय, म्हणजे सापडेलच' असे लोक म्हणतात. पण जीपीएसचे यंत्र फक्त ऐकते. ते कोणाला काही सांगत नाही. आपण कुठे आहोत हे वैमानिकाला कळले, तरी ते जमिनीवरच्या पथकाला कळायला मोबाईल, वायरलेस किंवा असेच दुसरे साधन लागते. म्हणजे कामे दोन आहेत : जागा समजणे आणि जागा कळवणे. खरेदी करताना ही दोन्ही वेगळी धरून विचार करावा.

उपग्रहामार्फत निरोप पाठवणारी छोटी यंत्रे परदेशात वैमानिक खिशात ठेवतात. आपल्याकडे ती दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय बाळगता येत नाहीत. परदेशातून कोणी भेट म्हणून आणून दिले, तरी कायदा बदलत नाही. तेव्हा आपली भिस्त मोबाईल आणि वायरलेसवर. ग्लायडर उंचावर असतानाच वैमानिकाने वायरलेसवर जागा सांगून ठेवावी; खाली उतरल्यावर टेकडी आड येते आणि आवाज पोचत नाही.

आता पथकाच्या मोटारीत काय असावे? पर्याय मुख्यतः तीन आहेत.

पहिला, मोबाईल. तो सगळ्यांकडे असतो, पडदा मोठा असतो, आणि रस्ता बोलून सांगतो. त्याचा कच्चा दुवा जीपीएस नव्हे, नकाशा आहे. जागा समजायला इंटरनेट लागत नाही; पण नकाशाचे चित्र बहुधा इंटरनेटवरून येते. टॉवरची हद्द संपली, की पांढऱ्या पडद्यावर नुसता एक निळा ठिपका उरतो. म्हणून त्या त्या जिल्ह्याचा नकाशा घरीच उतरवून मोबाईलमध्ये साठवावा. दुसरा पर्याय, हातात धरायचे खास जीपीएस यंत्र. पडदा लहान, पण पाऊस-धूळ सोसते, कडक उन्हात वाचता येते, आणि बदलता येणाऱ्या सेलवर चालते. मोटार सोडून बांधाबांधाने पायी जायचे झाले, की हेच उपयोगी पडते. तिसरा, मोटारीत बसवायचे दिशादर्शक. डांबरी रस्त्यावर ते उत्तम. पण काही यंत्रांत अक्षांश-रेखांश टाकायची सोयच नसते, नुसते गावाचे किंवा रस्त्याचे नाव चालते. असे यंत्र या कामाला निरुपयोगी. दुकानात प्रथम हेच विचारावे.

माझ्या मते दोन साधने हवीत : रस्त्यासाठी नकाशा साठवलेला मोबाईल आणि शेवटच्या मैलासाठी हातातले यंत्र. जोडीला भारतीय सर्वेक्षण विभागाचा कागदी नकाशा आणि होकायंत्र ठेवावे. कागदाची बॅटरी उतरत नाही. मात्र जुना नकाशा एव्हरेस्टच्या गोलाभावर आखलेला असतो आणि जीपीएसचे आकडे वेगळ्या गोलाभावरचे असतात. त्यामुळे दोहोंत काहीशे मीटरांचा फरक पडू शकतो, एवढे ध्यानात असू द्यावे.

आपली 'नाविक' मालिका आहे ना, असे शिक्षक मित्र विचारतील. आहे. तिचा पहिला उपग्रह १ जुलै २०१३ रोजी गेला. पुढे काही उपग्रहांतली घड्याळे बिघडली, म्हणून नव्या पिढीचे उपग्रह सोडणे सुरू झाले. त्यांतला पहिला २९ मे २०२३ रोजी गेला. जानेवारी २०२५ मधला दुसरा ठरलेल्या कक्षेत पोचू शकला नाही. तेव्हा एकाच मालिकेवर विसंबणारे यंत्र घेऊ नये. जीपीएस, नाविक, रशियाची ग्लोनास, युरोपची गॅलिलिओ अशा अनेक मालिका ऐकणारे यंत्र डोंगरदरीतही लवकर जागा ठरवते.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट, आणि ती किमतीशी संबंधित नाही. अक्षांश-रेखांश लिहिण्याच्या तीन पद्धती आहेत : नुसते दशांश अंश, अंश आणि दशांश मिनिटे, अंश, मिनिटे आणि सेकंद. समजा, पैठणच्या उत्तरेला एक ग्लायडर उतरले. वैमानिकाने फोनवर सांगितले, 'उत्तर १९.५३, पूर्व ७५.३८.' हे दशांश अंश आहेत. ऐकणाऱ्याने लिहून घेतले, १९ अंश ५३ मिनिटे आणि ७५ अंश ३८ मिनिटे. फरक केवढा पडला? एका अंशाची मिनिटे ६०. म्हणून १९.५३ अंश म्हणजे १९ अंश ३१.८ मिनिटे. चूक २१.२ मिनिटांची झाली. अक्षांशाचे एक मिनिट म्हणजे सुमारे १.८५ किलोमीटर, तेव्हा उत्तरेकडे ३९ किलोमीटरांची चूक. १९ अंश ५३ मिनिटे ही तर आमच्या छावणीवरून जाणारी रेघ! रेखांशातली चूक धरली, तर पथक पैठणऐवजी करमाडच्याही पुढे, जालन्याच्या बाजूला जाऊन उभे राहील. खऱ्या जागेपासून सरळ रेषेत सुमारे ४७ किलोमीटर दूर. यंत्र अगदी अचूक, आणि माणूस भलतीकडेच. यास्तव सर्वांनी एकच पद्धत आधी ठरवावी, सर्व यंत्रे त्याच पद्धतीवर लावावीत, आणि ऐकणाऱ्याने आकडे परत वाचून दाखवावेत. दशांश अंश वापरल्यास दशांशचिन्हापुढे किमान चार आकडे घ्यावेत; चौथा आकडा सुमारे ११ मीटरांचा असतो.

आकड्यांबरोबर गावाचे नावही सांगावे. पण नुसते नाव पुरत नाही. पिंपळगाव आणि वडगाव कुठल्या तालुक्यात नाहीत? गाव, तालुका आणि जवळची खूण – देऊळ, पाण्याची टाकी, साखर कारखाना – अशी तिन्ही सांगावीत. आकडे आणि नाव जुळले नाहीत, तर मोटार सुरू करण्यापूर्वी पुन्हा विचारावे.

यंत्राने दाखवलेली सरळ रेघ म्हणजे रस्ता नव्हे. नाथसागराच्या उत्तर काठावरून शेवगाव तालुक्यातली जागा समोर दिसेल. पण मध्ये पाणी आहे, आणि मोटारीला वळसा घालूनच जावे लागेल. यंत्राला सर्वांत जवळचा रस्ता कळतो. त्या रस्त्यावरच्या फरशीपुलावरून पाणी वाहते आहे, की काळ्या रानातल्या गाडीवाटेत चाक रुतेल, हे त्याला कळत नाही. मागे लांब गाडा असताना अरुंद वाटेवर वळताही येत नाही. हे ज्ञान यंत्राजवळ नाही, तुमच्याजवळ आहे. म्हणून शहाणे पथक शेवटच्या फाट्यावर थांबून गावकऱ्याला विचारते, 'दादा, मोटार जाईल का तिकडून?'

आणि तुमच्या शिवारात असे काही उतरले, तर काय करावे? माणूस जखमी असेल, तर प्रथम ११२ ला फोन लावावा. मोबाईलवर आपल्या जागेचे आकडे काढून सांगावेत. ते जमत नसेल, तर गाव, तालुका आणि खूण सांगावी. ग्लायडरचे पंख नाजूक असतात. गर्दीला दूर ठेवावे आणि पोरांना वर चढू देऊ नये. बलूनची उपकरणे उतरली असतील, तर ती उघडू नयेत. आत उच्च दाबाची वीज असू शकते. वर लिहिलेल्या पत्त्यावर किंवा पोलीस ठाण्यात कळवावे. पिकाची नासाडी झाली, तर ती पथकाला तिथेच दाखवावी आणि लिहून घ्यावी. पथकानेही बांधावर पाय ठेवण्याआधी शेतकऱ्याची परवानगी घ्यावी.

शिक्षकांना एक सुचवावेसे वाटते. आपल्या शाळेचे अक्षांश-रेखांश काढून, वर सांगितलेल्या तिन्ही पद्धतींनी, मुलांकडून ते फळ्यावर लिहून घ्या. मग दशांश अंशाला मिनिटे समजण्याची चूक मुद्दाम करायला सांगा, आणि शाळा नकाशावर कुठल्या गावी जाऊन बसते ते शोधू द्या. गणित, भूगोल आणि विज्ञान यांचा एक चांगला तास त्यात होईल. आणि उद्या गावात संकट आले, तर फोनवर जागा नीट सांगणारी चार मुले तरी तयार असतील.