पागेंतील पाठशाळा

प्रतिवर्षीं शाळेच्या वार्षिकांत उत्तीर्ण विद्यार्थ्यांच्या याद्या छापल्या जातात, बक्षिसें मिळविणाऱ्यांचीं नांवें येतात, आणि तीं वाचून मातापित्यांस धन्यता वाटते. हें योग्यच आहे. परंतु प्रत्येक वर्गांत असा एखादा विद्यार्थी असतो कीं, ज्याचें नांव कोणत्याच यादींत येत नाहीं. तो मागच्या बांकावर बसतो, विचारलेल्या प्रश्नास उत्तर देत नाहीं, कधीं वर्गांत दंगा करतो, तर कधीं शाळेकडे फिरकतच नाहीं. "पोर अगदींच उधळलें आहे, त्यास लगाम घातला पाहिजे," असें घरचीं माणसें म्हणतात. आणि सोबती त्यास वर्गांतील खोगीरभरती समजतात. उधळणें, लगाम, खोगीरभरती, हे सारे शब्द आपण घोड्यावरूनच घेतले आहेत. मग अशा मुलांच्या शिक्षणाचें कांहीं काम खुद्द घोड्याकडेच सोंपविलें तर काय होईल? प्रश्न विनोदाचा वाटेल. पण इंग्लंडादि देशांत तो गंभीरपणें विचारला गेला असून त्याप्रमाणें प्रत्यक्ष कामही चालू आहे. त्याची माहिती आमच्या वाचकांस व्हावी, ह्या हेतूनें आम्ही हा लेख लिहीत आहों.

इंग्लंडांत सोळाव्या वर्षापर्यंत शालेय शिक्षण सक्तीचें आहे. एखाद्या विद्यार्थ्याचें वर्तन असह्य झालें, तर मुख्याध्यापकांस त्यास शाळेंतून काढतां येतें; परंतु त्याच्या शिक्षणाची जबाबदारी तेवढ्यानें संपत नाहीं. १९९६ च्या शिक्षणविषयक कायद्याच्या १९ व्या कलमाप्रमाणें, शाळेंतून काढलेल्या, आजारी पडलेल्या किंवा अन्य कारणानें शिक्षणास मुकणाऱ्या मुलाच्या योग्य शिक्षणाची सोय स्थानिक अधिकाऱ्यांनीं केलीच पाहिजे. कायमचें काढलेल्या मुलासाठीं ही सोय सहाव्या शालेय दिवसापासून व्हावी लागते. ह्या व्यवस्थेस पर्यायी शिक्षण म्हणतात. तिच्यासाठीं निराळ्या लहान शाळा आहेत. आणि त्यांच्या जोडीस आठवड्यांतून एक-दोन दिवस मुलांस सुतारकाम, मोटारदुरुस्ती, शेती अशा कामांवर पाठविण्याचाही परिपाठ आहे. घोड्यांच्या पागा ह्याच मालिकेंत मोडतात.

पागेंत गेल्याबरोबर मुलास घोड्यावर बसवितात, अशी कोणाची कल्पना असेल तर ती चुकीची आहे. पुष्कळ ठिकाणीं बहुतेक सारें काम जमिनीवर उभें राहूनच करावयाचें असतें. लीद काढणें, पेंढा पसरणें, पाणी भरणें, घोड्यास खरारा करणें, त्याचे पाय उचलून खुरांतील माती व खडे काढणें, हीं पहिलीं कामें. नंतर घोड्यास दोर लावून चालविणें, थांबविणें, मागें सरविणें, आणि शेवटीं जमिनीवर मांडलेल्या खांबांमधून दोर सैल ठेवून त्यास नेणें, हे पुढचे पाठ. आतां चार-पांचशे किलो वजनाच्या जनावरास चौदा वर्षांच्या मुलानें ओढून नेणें शक्य नाहीं. तेथें बळ चालत नाहीं. आरडाओरडही चालत नाहीं. ग्रीक ग्रंथकार झेनोफन ह्यानें सुमारें २४०० वर्षांपूर्वीं अश्वविद्येवर लिहितांना, घोड्याशीं रागाच्या भरांत कधींही वागूं नये, असें बजावून ठेविलें आहे. मग घोडा मुलाबरोबर येतो तरी कसा?

ह्याचें मर्म घोड्याच्या स्वभावांत आहे. घोडा हा गवत खाणारा व कळपांत राहणारा प्राणी. रानांत त्याचें रक्षण मुख्यत्वें संकट वेळीं ओळखून पळून जाण्यानेंच होतें. त्याचे डोळे मस्तकाच्या दोन बाजूंस असल्यामुळें, कपाळासमोरची व शेपटीमागची थोडी जागा सोडली, तर त्यास भोंवतालचें जवळजवळ सर्व दिसतें. त्याचे कान निरनिराळ्या दिशांस वळतात. कळपांतील एकानें मान ताठ केली कीं दुसरे सावध होतात. असा प्राणी माणसाकडेही त्याच नजरेनें पाहतो. मुलगा मुठी आवळून, खांदे ताठ करून आंत शिरला कीं घोडा मान उंचावतो व दूर सरतो. तोच मुलगा थांबला, श्वास मोकळा सोडून बाजूस शांत उभा राहिला, कीं कांहीं वेळानें पुष्कळदां घोडा मान खालीं घालतो आणि आपण होऊन जवळ येतो.

घोडा माणसास किती बारकाईनें वाचतो, ह्याचा एक प्रसिद्ध दाखला आहे. विसाव्या शतकाच्या आरंभीं बर्लिन शहरांत विल्हेल्म फॉन ऑस्टेन नांवाचे एक गणितशिक्षक राहत होते. त्यांचा हान्स नांवाचा घोडा बेरीज-वजाबाकीचीं उत्तरें खूर आपटून देई. १९०४ सालीं तज्ज्ञांच्या मंडळानें त्याची तपासणी केली. त्यांस कोणतीही लबाडी आढळली नाहीं. पुढें ओस्कार फुंग्स्ट ह्या मानसशास्त्रज्ञानें प्रयोग करून १९०७ सालीं त्याचा उलगडा प्रसिद्ध केला. प्रश्न विचारणारास स्वतःसच उत्तर ठाऊक नसे, किंवा तो घोड्याच्या दृष्टीआड असे, तेव्हां हान्स चुके. खरा आंकडा आला कीं विचारणाराच्या मानेंत व चेहऱ्यांत त्याच्याही नकळत सूक्ष्म हालचाल होई. ती पाहून घोडा थांबे. हान्सास गणित येत नव्हतें. त्यास माणूस वाचतां येत होता. अलीकडे, २०१६ सालीं, ससेक्स विद्यापीठाच्या संशोधकांनीं २८ घोड्यांस माणसाच्या हंसऱ्या व रागीट मुद्रेचीं छायाचित्रें दाखविलीं. रागीट मुद्रा पाहतांना त्यांच्या हृदयाचे ठोके अधिक लवकर वाढले.

शाळेंत अपयशी ठरलेल्या मुलास ह्या गुणाचा मोठा उपयोग होतो. वर्षानुवर्षें बोलणीं खाल्लेल्या मुलास शिक्षकाचा प्रत्येक शब्द पक्षपाताचा वाटतो. "मास्तरांचा माझ्यावर दांतच आहे," ही त्याची ठाम समजूत असते. घोड्याविषयीं असें म्हणतां येत नाहीं. घोड्यानें त्याचें प्रगतिपुस्तक पाहिलेलें नसतें, किंवा त्याच्याविषयीं कोणाकडून कांहीं ऐकलेलेंही नसतें. जें उत्तर मिळतें तें मुलाच्या त्या क्षणींच्या वागणुकीस मिळतें. आणि वागणूक बदलली कीं उत्तरही बदलतें. शिक्षा व स्तुति ह्या दोहोंहून निराळा असा हा न्याय आहे, आणि तो मुलास मान्य करावा लागतो. शेजारीं उभा असलेला शिक्षक उपदेश करीत नाहीं, तो एवढेंच विचारतो, "घोडा कां थांबला असेल? तूं त्या वेळीं काय केलेंस?" आणि मग केव्हांतरी, "वर्गांत असें कधीं होतें का?" मुलगा आपल्या रागाकडे दुरून पाहूं लागतो, तो बहुधा अशाच एखाद्या प्रश्नानंतर.

पुस्तकी विद्याही येथें अगदींच सुटत नाहीं. घोड्याची उंची तेथें चार इंचांच्या मापानें मोजतात. अशीं चौदा मापें व वर दोन इंच, म्हणजे ५८ इंच, इतकी उंची असेपर्यंत त्यास तट्टू म्हणावयाचें. घोड्यास रोज त्याच्या वजनाच्या शेंकडा दोन ह्या सुमारास कोरडी वैरण व चंदी लागते. तर ५०० किलो वजनाच्या घोड्यास किती किलो? फळ्यावर हेंच गणित टाळणारा मुलगा येथें तें सोडवितो. कारण त्याचें उत्तर एका भुकेल्या जनावरापर्यंत जावयाचें असतें. आणि आपण गेलों नाहीं तर कोणीतरी उपाशी राहील, ही जाणीव ज्यास एकदां झाली, त्यास वेळेवर हजर राहण्याचें निराळें व्याख्यान द्यावें लागत नाहीं.

ह्या उपक्रमाचें एक मूळ रुग्णसेवेंत आहे. डेन्मार्कमधील लिस हार्टेल ह्या अश्वारोहणपटु बाईंस १९४४ सालीं पोलिओ झाला व गुडघ्यांखालीं त्यांचे पाय कायमचे लुळे पडले. त्यांनीं घोड्यावर बसण्याचा पुन्हां अभ्यास केला. चढावयास व उतरावयास दुसऱ्याची मदत लागे. तरीही १९५२ सालीं हेल्सिंकी येथील ऑलिंपिक सामन्यांत, पुरुषांच्या बरोबरीनें उतरून, त्यांनीं रौप्यपदक जिंकलें. त्यांच्या उदाहरणानें अपंगांस अश्वारोहण शिकविण्याच्या चळवळीस जोर आला, आणि १९६९ सालीं ब्रिटनमध्यें त्या कार्यासाठीं राष्ट्रीय संस्था स्थापन झाली. शरीरानें अडलेल्यांस उपयोगी पडलेला हा प्राणी पुढें मनानें अडलेल्या मुलांच्याही साह्यास आला.

लंडनमध्यें ब्रिक्स्टन ह्या दाट वस्तीच्या भागांत 'एबनी हॉर्स क्लब' नांवाची संस्था १९९६ पासून गरीब वस्तींतील मुलांस घोड्यांच्या सहवासांत आणीत आली आहे. २०११ सालीं तिची स्वतःची पागा तेथेंच उघडली. ही कांहीं शाळा नव्हे. पण शाळेबाहेर मुलांस धीर देणारी जागा कशी असावी, ह्याचा ती नमुना आहे. येथेंच घोड्यावर बसावयास शिकलेली खदीजा मेल्लाह ही १८ वर्षांची मुलगी २०१९ सालीं गुडवुड येथील मॅग्नोलिया चषकाच्या शर्यतींत पहिली आली. हिजाब घालून ब्रिटनमधील शर्यतींत उतरणारी ती पहिलीच मानली जाते. तरीही आम्हांस महत्त्व वाटतें तें त्या चषकाचें नव्हे. पागेंत येणारीं बहुतेक मुलें कोणतीच शर्यत जिंकणार नाहींत; त्यांस रोज कोणीतरी ओळखतें, त्यांची वाट पाहतें, हाच त्यांचा लाभ.

ह्या पद्धतीच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. हा 'पी हळद आणि हो गोरी' असा प्रकार नव्हे. ह्या विषयावरील अभ्यास बहुधा लहान लहान गटांवर झालेले आहेत. त्यांवरून मोठे सिद्धांत काढणें घाईचें होईल. पागा चालविण्यास खर्च फार येतो, जाणते शिक्षक लागतात, आणि कांहीं मुलांस घोड्याचें भयच वाटतें. शिवाय घोडा हें कांहीं यंत्र नव्हे. त्यासही शीण येतो, भीति वाटते, आणि त्याच्या विश्रांतीची काळजी न घेणारी पागा मुलांस दया शिकवूं शकणार नाहीं. सर्वांत मुख्य गोष्ट ही कीं, मुलास शेवटीं माणसांतच परत यावयाचें असतें. पागा ही वाट आहे, मुक्काम नव्हे. घोड्यापाशीं शिकलेला धीर वर्गांत परत आणतांना त्यास हात देणारा शिक्षक तेथें नसेल, तर सारा खटाटोप व्यर्थ जातो.

आपल्यांपैकीं फारच थोड्यांच्या जवळपास पागा असेल. तथापि घोड्याकडून मुलांस जें मिळतें त्यांतील पुष्कळसें देण्यास पागा लागत नाहीं. पालकांस आमची एवढीच विनंति आहे कीं, नापास झालेलें मूल निकाल घेऊन दारांतून आंत येतें तेव्हां आपल्या मुद्रेवर काय लिहिलेलें असतें, ह्याचा त्यांनीं विचार करावा. कारण घोड्याप्रमाणें मूलही शब्दांच्या आधीं चेहरा वाचतें. आज तें नीट वागलें तर त्यास आजचेंच उत्तर मिळावें, गेल्या वर्षाचें नव्हे. आणि विद्यार्थ्यांस आम्ही इतकेंच सांगूं: मागच्या बांकावरील सोबत्यास खोगीरभरती म्हणण्यापूर्वीं एकदां त्याच्या शेजारीं जाऊन बसा. त्याचें नांव कदाचित् कोणत्याच यादींत येणार नाहीं. पण तो शाळेंत टिकेल कीं सोडून जाईल, हें कधीं कधीं तेवढ्यावरच ठरतें.