हद्द बारा मैलांची, अधिकार दोनशे मैलांचा

जळगाव-धुळ्याच्या अभ्यासिकांमध्ये सागरी प्रदूषणावरचं उत्तर लिहायला सांगा, उपायांत एक ओळ हमखास सापडते : ‘भारताने प्रादेशिक समुद्राची हद्द वाढवावी.’ 2025 च्या मे महिन्यात केरळजवळ ‘एमएससी एल्सा 3’ हे जहाज बुडालं, तेव्हापासून तर चहाच्या टपरीवरही हाच तोडगा ऐकू येतो.

हद्द वाढवून झाली आहे हो! 3 सागरी मैलांची 1956 मध्ये 6 झाली, 1967 मध्ये 12. त्यापुढे जायला वाव नाही, कारण 1982 च्या सागरी कायदा कराराने 12 ही कमाल मर्यादा ठरवली आणि 1995 मध्ये भारताने तो करार मान्य केला.

मग तेराव्या मैलापासून रान मोकळं? मुळीच नाही. 1976 च्या आपल्याच कायद्याने 200 मैलांचं अनन्य आर्थिक क्षेत्र आखलं. त्यातले मासे आणि खनिज तेल तेवढे लोकांच्या लक्षात राहतात. सागरी पर्यावरण राखण्याचा आणि प्रदूषण रोखण्याचा अधिकार त्याच कायद्यात आहे, तो कुणी वाचत नाही. खात्री हवी असेल त्याने राष्ट्रीय हरित लवादाचा ऑगस्ट 2016 चा निकाल पाहावा. ‘एमव्ही राक कॅरिअर’ हे कोळशाचं जहाज 4 ऑगस्ट 2011 रोजी मुंबईपासून सुमारे 20 मैलांवर, म्हणजे प्रादेशिक समुद्राबाहेर बुडालं. लवादाने तरीही हे प्रकरण आपल्या अधिकारकक्षेत येतं असं ठरवलं आणि जहाजाशी संबंधित कंपन्यांना 100 कोटी, तर कोळसा ज्यांचा होता त्या अदानी एंटरप्रायझेसला 5 कोटी रुपये भरायला सांगितले.

उलटंही पाहा. 7 ऑगस्ट 2010 रोजी ‘एमएससी चित्रा’ आणि ‘खलिजा 3’ या जहाजांची टक्कर झाली ती मुंबई बंदराच्या तोंडाशी, पुरती हद्दीच्या आत. तेल पसरायचं ते पसरलंच. शिवाय 12 मैलांच्या आतही परक्या जहाजांना निरुपद्रवी जाण्या-येण्याचा हक्क असतो, आणि त्यांची बांधणी कशी असावी हे आपण एकट्याने ठरवू शकत नाही. गस्त, पुरावा आणि खटला नेटाने चालवणं यांत आपण कमी पडतो. नकाशावरची रेघ सरकवून त्यातलं काय सुधारणार?

असेच आणखी काही गैरसमज ऐकू येतात. ‘समुद्र जहाजंच घाण करतात.’ संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या अंदाजानुसार सुमारे 80 टक्के प्रदूषण जमिनीवरून येतं.

‘खान्देशचा समुद्राशी संबंध काय?’ पांझरा, गिरणा, वाघूर तापीला मिळतात आणि तापी सुरतेपलीकडे अरबी समुद्राला. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 2018 च्या प्रदूषित नदीपट्ट्यांच्या यादीत या चारही नद्या आहेत.

‘तापीवरच्या उकाई धरणात सगळं अडतं.’ गाळ बराच अडतो, विरघळलेली रसायनं अडत नाहीत. आणि दरवाजे उघडल्यावर काय होतं, ते सुरतकरांनी ऑगस्ट 2006 च्या पुरात पाहिलंय.

‘अनन्य आर्थिक क्षेत्र म्हणजे सेझ.’ नाही. सेझ म्हणजे विशेष आर्थिक क्षेत्र, ते जमिनीवर असतं.

आणि सागरी मैल 1.852 किलोमीटरचा असतो, रस्त्यावरच्या मैलाहून मोठा. त्यामुळे 200 मैल म्हणजे सुमारे 370 किलोमीटर. उत्तरपत्रिकेत 320 लिहू नका.