शिराळ्यात बसून समुद्राच्या तळाशी

आमच्या शिराळ्यात पाणी म्हणजे मोरणा नाहीतर वारणा. समुद्र बघायचा तर घाट उतरून कोकणात. परवा भाच्यानं विचारलं, "मामा, त्या सबनॉटिकात एवढं आहे तरी काय?" म्हणून ही पोस्ट.

अननोन वर्ल्ड्स या अमेरिकन कंपनीचा हा गेम जानेवारी २०१८ मध्ये पूर्ण स्वरूपात आला. यान कोसळतं आणि तुम्ही परग्रहावरच्या समुद्रात एकटे. सुरुवातीला एका दमात फक्त ४५ सेकंद. तेवढ्यात टायटॅनियम गोळा करायचं, मासे पकडायचे, वर यायचं. ऑक्सिजनची टाकी बनवली की दम वाढतो, आणि आणखी खोल जायचा मोहही.

नकाशा नाही. बंदूकही नाही, आणि तेही मुद्दाम! २०१२ मध्ये अमेरिकेतल्या सँडी हूक शाळेत गोळीबार झाला, त्यानंतर दिग्दर्शक चार्ली क्लीव्हलँडनं तसं ठरवलं. रीपर लेव्हायथन हा अवाढव्य शिकारी प्राणी समोर आला की पळायचं, बस्स. माझ्या मते गेमची खरी ताकद हीच.

हेडफोन हवाच. अंधारात आवाज आधी येतो, प्राणी नंतर दिसतो.

१०० मीटरच्या खाली रीब्रीदर (ऑक्सिजन वाचवणारं उपकरण) नसेल तर ऑक्सिजन भराभर संपतो. नवखे इथंच अडकतात.

कुठल्या कॉम्प्युटरवर चालेल, आधी काय बनवायचं, बिनधास्त विचारा. शेवट मात्र कुणी फोडू नका!