परितारिका नसलेल्या डोळ्यांतील काचबिंदू

तान्हे मूल उजेडात डोळे उघडत नाही, नजर सतत थरथरत राहते आणि जवळून पाहिल्यास बाहुली नको तितकी मोठी व काळीभोर दिसते. 'ॲनिरिडिया' या जन्मजात विकाराची ओळख बहुधा अशी होते. बाहुलीभोवतीचा रंगीत पडदा, म्हणजे परितारिका, या बालकांत अपुरी असते किंवा जवळपास नसतेच. अकराव्या गुणसूत्रावरील 'पॅक्स ६' जनुकातील दोष हे त्याचे प्रमुख कारण होय.

उजेडाचा त्रास गडद चष्म्याने कमी करता येतो. खरी भीती असते ती काचबिंदूची. सुमारे निम्म्या रुग्णांना तो पुढे गाठतो, तोही बहुधा जन्मतः नव्हे, तर वाढत्या वयात. डोळ्यातील द्रव ज्या कोनातून बाहेर पडतो, तेथे परितारिकेचा उरलेला खुंट हळूहळू पुढे सरकून वाट बुजवतो. काहींमध्ये ती वाट मुळातच सदोष असते.

निदान मात्र सोपे नाही. डोळ्यातील दाब साधारणपणे १० ते २१ मिलिमीटर असतो. परंतु या रुग्णांचे पारपटल नेहमीपेक्षा जाड असते, त्यामुळे यंत्र प्रत्यक्षाहून जास्त दाब दाखवू शकते. म्हणून पारपटलाची जाडी मोजणे आवश्यक ठरते. तरीही जाडीच्या हिशेबाने आकडा अचूक दुरुस्त करणारे खात्रीचे सूत्र नाही. दृष्टिक्षेत्राच्या चाचणीत एका ठिपक्यावर नजर रोखावी लागते. थरथरणाऱ्या डोळ्यांना ते कसे जमणार? पारपटल धुरकट झाले किंवा मोतीबिंदू असला, तर दृष्टिचेता पाहणेही कठीण. अशा वेळी त्याच रुग्णाच्या आधीच्या नोंदीच उपयोगी पडतात. पालकांनी प्रत्येक तपासणीचा कागद जपून ठेवावा, तो याचसाठी.

उपचाराची सुरुवात थेंबांनी होते. डोळ्याचा पृष्ठभाग नाजूक असल्याने शक्यतो परिरक्षकविरहित थेंब निवडतात. 'ब्रिमोनिडिन' दोन वर्षांखालील मुलांना देत नाहीत, कारण त्याने श्वास मंदावू शकतो. थेंब अपुरे पडल्यास द्रवासाठी नवी वाट काढणारी शस्त्रक्रिया किंवा झडप असलेली बारीक नळी बसवणे, हे पर्याय असतात. मात्र परितारिकेचा आडोसा नसल्याने शस्त्रक्रियेत नैसर्गिक भिंगाला इजा होण्याची शक्यता अधिक असते. द्रव निर्माण करणाऱ्या भागावरील लेसर सहसा इतर उपाय थकल्यावरच वापरतात. दृष्टिचेतेची झालेली हानी यांपैकी कशानेही भरून येत नाही.

आणखी एक गोष्ट डोळ्यापलीकडची. घराण्यात हा विकार नसताना तो मुलात आढळला, तर जनुकीय चाचणी करून घ्यावी. काही मुलांत त्याच गुणसूत्राचा शेजारचा तुकडाही गळालेला असतो आणि त्यांना मूत्रपिंडाच्या 'विल्म्स' गाठीचा धोका असतो. अशा मुलांची लहानपणी दर तीन महिन्यांनी सोनोग्राफी करतात.